इंद्रजाल कॉमिक्सच्या 'बहादूर'वर वेब सिरीज आली तर?

जुना_वाचक:
मंडळी, बघावं तिकडे कॉमिक्सवरून सिरीज निघतायत, सँडमॅन झाली, इन्व्हिन्सिबल चालूच आहे, मग आपल्या बहादूरला कोणी हात का लावत नाही? १९७६ ला आबिद सुरतींनी उभा केलेला हिरो, भगवा कुर्ता, खाली जीन्स, समोर चंबळचे डाकू. अजून काय पाहिजे राव?

मधल्या_सुट्टीतला:
+१. बाप डाकू, आणि ज्या पोलिसाच्या गोळीने तो मेला त्यानेच पोराला वाढवलं, बदला घ्यायला निघालेला पोरगा शेवटी डाकूंच्याच विरोधात उभा राहतो. माझ्या मते पहिला अख्खा सीझन यावरच काढावा, मारामारी नंतर होईलच. आणि बेलाला नुसती हिरोची मैत्रीण करून ठेवू नका प्लीज, ती पण चांगली धुलाई करायची.

खवचट_काका:
स्वप्नं बघा. राज कॉमिक्सच्या डोगावर पिक्चर येणार येणार म्हणून किती वर्षं ऐकतोय, आला का? घोडं बहुतेक हक्कांपाशीच पेंड खातं. चाचा चौधरी तेवढा टीव्हीवर येऊन गेला, रघुवीर यादव होते म्हणून बघवला.

जुना_वाचक:
काका, पण इथे व्हीएफएक्सचा खर्च कुठंय? उडणं नाही, लेझर नाही, दऱ्याखोरी, जीप, घोडे आणि गावकऱ्यांचं सुरक्षा दल, झालं.

खवचट_काका:
तेच तर, आजकाल उडणारा नसला की प्रोड्युसर फोनच उचलत नाही 😄 इंद्रजालचाच वेताळ (म्हणजे फँटम) काढला तर मात्र मी सबस्क्रिप्शन घेईन.