रायगडासाठी 17व्या शतकातला जामा: घेर लोंबतो आणि काखेत ओढतो, कुठे चुकतंय?

सुईदोरा:
शिवराज्याभिषेकाच्या सोहळ्यात आमच्या पथकाला घालायला समकालीन चित्रांसारखा जामा (काखेत बंदांनी बांधायचा घेरदार अंगरखा) शिवायचा आहे. छाती 40, पोटाच्या वरच्या भागाचा घेर 36, उंची 5 फूट 6 इंच. जुन्या चादरीचा कच्चा नमुना शिवून पाहिला. दोन अडचणी आल्या. एक, कळ्यांच्या (घेराच्या खाली रुंद होत जाणाऱ्या तुकड्यांच्या) जोडावर घेर खाली लोंबतो, कड वरखाली होते. दोन, हात वर केला की काखेत ओढतो आणि सगळा जामा वर चढतो. कापड मलमल की मश्रू? काठाला जुन्या साडीची जर लावू का? आणि किती मीटर आणू?

उरेब_पट्टी:
आधी घेर. तुम्ही कळी दोन्ही बाजूंनी तिरपी कापलेली दिसते. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या की दोन्ही ताणल्या जातात आणि जोड लोंबतो. कळीची एक बाजू उभ्या धाग्यात सरळ ठेवा, तिरकस फक्त दुसरी. शिवताना प्रत्येक जोडात एकीची सरळ कड आणि दुसरीची तिरपी कड आली पाहिजे, म्हणजे सरळ धागा तिरप्याला धरून ठेवतो.

तुमच्या मापाला 14 कळ्या. शिवून झाल्यावर प्रत्येक कळी वर 4 इंच, खाली 14 इंच. म्हणजे वरचा घेर 56 आणि खालचा 196 इंच, जवळपास 5 मीटर. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) धरून कापताना वर 5, खाली 15. उंची 32 इंच कापा: 30 इंच घेर, बाकीचे 2 वरच्या शिवणीत आणि खालच्या दुमडीत जातात. एक कळी सुलटी, एक उलटी ठेवली की जोडीला 20 इंच लागतात, म्हणून 44 इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) एका ओळीत चार कळ्या बसतात. चार ओळींना 128 इंच, म्हणजे सव्वातीन मीटर. दोन कळ्या उरतील, त्या बंदांना आणि काखेच्या तुकड्यांना वापरा. कापडावर एकाच दिशेची बुट्टी असेल तर हे जमणार नाही, अर्ध्या कळ्यांवरची फुलं डोक्यावर उभी राहतील. तेव्हा कापड जास्त घ्या.

तिरपी बाजू सरळ बाजूपेक्षा दीड इंच लांब भरते, हे लोक विसरतात. वरून टेप धरून तिरप्या कडेवरही 32 इंचांवर खूण करा आणि तळ किंचित गोलाकार कापा. सगळ्या कळ्या जोडल्यावर घेर एक रात्र टांगून ठेवा, दुमड त्यानंतर घाला. टांगायच्या आधी घातलेली दुमड पहिल्याच दिवशी वाकडी दिसते.

वरचा भाग: पाठ 19, समोरचे दोन्ही पल्ले साडेअठरा, एकूण 56. घेराशी बरोबर जुळतं, चुण्या घालायची गरज नाही. दोन्ही पल्ले जवळपास पूर्ण छातीवर येतात, एक आत, एक बाहेर. बाहेरचा पल्ला उजवीकडून निघून डाव्या काखेत बांधायचा. मुघलकालीन पोशाखात हिंदूंचे बंद डावीकडे आणि मुसलमानांचे उजवीकडे असत, म्हणून ही बाजू चुकवू नका. आतल्या पल्ल्याला उजव्या काखेत एक जोडी, बाहेरच्याला तीन. बंदाची पट्टी 2 इंच रुंद, 14 इंच लांब कापा. दुमडून अर्धा इंच होईल.

मुंढा_नको:
काखेचं मी सांगतो. तुम्ही शर्टासारखा गोल मुंढा (बाही लावायचा काप) कापला असणार. ह्या कपड्यात तो नसतोच. बाही सरळ पट्टीसारखी लावायची, खांद्याची शिवण दंडावर उतरू द्यायची आणि काखेत 5 इंचांचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, एक कोपरा बाहीत आणि एक बगलेच्या शिवणीत असा बसवायचा. आधी कच्चा टाका घाला. चारही कोपऱ्यांत टीप कडेच्या अर्धा इंच आधी, म्हणजे माया सोडून, थांबवा. कोपऱ्यापर्यंत टीप नेली तर तिथे चुणी पडते आणि पुढे तिथेच उसवतं.

बाही मनगटापुढे 6 ते 8 इंच जास्त ठेवा, म्हणजे मनगटावर चुण्या येतात. अंगठा आत घेऊन मुठीचा घेर मोजा, बाहीचं तोंड तेवढंच. त्याहून अरुंद ठेवलंत तर हात आत जाईल, बाहेर यायची हमी नाही. दांडपट्टा चालवणाऱ्याच्या बाहीवर जरीचं काम अजिबात नको. हात पोलादी खोबणीत कोपरापर्यंत जातो, आणि तिथे जर घासून तुटते.

गळ्याची कड तिरपी असते. कापल्या कापल्या आतून सरळ धाग्याची पाऊण इंच पट्टी हातानं धावदोऱ्यानं लावा. उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यात कापलेली, पट्टी लावलीत तर गळा आणखी ताणेल (माफ करा, वरच्या सदस्यांचं नाव तेच आहे).

उरेब_पट्टी:
माफी मंजूर, गळ्यापुरती.

कारचोब:
जुनी पैठणी किंवा शालूचा काठ घेरावर सरळ शिवू नका. काठ सरळ, घेर गोल. 2 इंच रुंद काठ लावला तर त्याची वरची कड घेरापेक्षा सव्वानऊ इंच जास्त पडते: कळी 30 इंचांत 10 इंच अरुंद होते, म्हणजे 2 इंचांत पाऊण इंचाहून थोडी कमी, गुणिले 14. ते जास्तीचं कापड सुरकुत्यांत जातं. एकतर प्रत्येक जोडावर वरून तेवढी चिमटी घ्या, नाहीतर मोठा काठ सोडून अर्ध्या इंचाचा उरेब गोट (कडेची बारीक पट्टी) घाला. गोट कुठल्याही वळणावर बसतो. बाजारातली बरीच जर प्लास्टिकची असते, तिला गरम इस्त्री लागली की वितळते. आधी कडेला तपासा, कापड पालथं घालून मध्ये सुती फडकं ठेवून फिरवा.

कापडाचं म्हणाल तर सुती मलमल. मश्रू देखणा आहे: बाहेर रेशमी, आत सुती. पण कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून माया एक इंच ठेवून कड हातानं गुंडाळावी लागते, आणि जूनमध्ये गडावर तो अंगाला जड होतो. पाठ, दोन पल्ले आणि बाह्यांना दोन मीटर, घेराचे सव्वातीन, आटण्यासाठी पाव मीटर: साडेपाच मीटर आणा. कापण्याआधी धुवून वाळवून घ्या. मलमल पारदर्शक असते, आत सुरवार लागतेच, ती उरेबच कापा, नाहीतर पिंडरीवर चुण्या बसत नाहीत.

सुईदोरा:
सगळ्यांचे आभार. काठ सोडला, गोटच लावतो. कमरेचा पटका किती लांब घेऊ? आणि तयार जिरेटोप चालेल का?

मुंढा_नको:
पटका 3 मीटर बाय 20 इंच, दोन वेढे घेऊन टोकं समोर सोडायची. जोडाची शिवण त्याखाली झाकली जाते. रेशमी पटका घसरतो, म्हणून पोटाजवळच्या वेढ्यात एक सुती फडकं ठेवा. लाल पटका असेल तर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून इस्त्री फिरवा, रंग उतरला तर घेऊ नका. गडावर पाऊस आला की पांढऱ्या जाम्यावर गुलाबी पट्टे उमटतात, आणि ते जात नाहीत.

कारचोब:
जिरेटोपाचं म्हणाल तर नका आणू. नेदरलँड्समधल्या राइक्सम्युझियममधलं आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं शिवाजी महाराजांचं 17व्या शतकातलं चित्र पाहा, डोक्यावर बांधलेलं पागोटं आहे. 6 मीटर मलमल उभ्यातून 10 इंच रुंद फाडा, ओली करून पिळून घ्या, अर्धवट वाळल्यावर बांधा. कोरडी मलमल डोक्यावर टिकत नाही.