मदत हवी आहे: स्टेंटमध्ये पुन्हा ब्लॉकेज होणार का, हे रक्तावरून कळतं का?

तापीकाठ (यावल):
राम राम मंडळी. वडील ६१ वर्षांचे, १२ वर्षांपासून शुगर. पाच महिन्यांपूर्वी एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या शिरेत) औषधी स्टेंट (औषधाचा लेप असलेली जाळीदार नळी) टाकला, २.७५ बाय २८ मिमी. चालताना त्रास नाही. परवाचा रिपोर्ट: एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) ६.४ मिग्रॅ/लिटर, पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिम्फोसाइट १८ टक्के, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.३, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२. लॅबवाले आता होमोसिस्टीन, फायब्रिनोजेन, एमएमपी-९ या आणखी रक्ततपासण्यांचं पॅकेज सुचवतात. करून घेऊ का?

गिरणा (जळगाव, पॅथॉलॉजी):
भाऊ, नका करू. ‘तुमचा स्टेंट आखडणार’ (आतून पुन्हा अरुंद होणार) असं एकट्या रुग्णाला सांगू शकेल अशी रक्ततपासणी आज नाही. सीआरपीचा संबंध खोटा नाही. स्टेंट फुगवताना शिरेच्या अस्तराला इजा होते, सूज येते आणि स्नायुपेशी वाढून आतून थर चढतो. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे २० ते ३० टक्के रुग्णांना व्हायचं, सीआरपी आधीच चढलेलं असेल तर जास्त. औषधी स्टेंट तो थर जागेवरच दाबतो, त्यामुळे सीआरपीवरून अंदाज बांधणं कठीण झालं.

६.४ चं कारण आधी शोधा. दाढ सुजली आहे का? पायाला जखम, लघवीला जळजळ, नुकताच ताप? न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट तुमचं ४ येतं, तेही जंतुसंसर्गात असंच चढतं. ते बरं झालं की दोन-तीन आठवड्यांनी सीआरपी पुन्हा करा, उपाशी राहायची गरज नाही. मात्र चाचणी टर्बिडिमेट्रीची (यंत्रावर गढूळपणा मोजून आकडा देणारी) हवी. काचपट्टीवरची लेटेक्स सीआरपी ६ च्या खालच्या सगळ्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणते.

आणि प्लेटलेटच्या आकारावरून, म्हणजे एमपीव्हीवरून, कोणी घाबरवलं तर सॅम्पल किती वाजता काढलं ते विचारा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेट तासागणिक फुगतात. सकाळी यावलला काढलेली नळी मेच्या उन्हात दुपारी जळगावला पोचली, की आकडा आपोआप वाढलेला.

सातपुडा (धुळे, कॅथलॅब):
खरा धोका रक्तात कमी, डिस्चार्ज फाइलमध्ये जास्त दिसतो. स्टेंटचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर माप आहे. ३ मिमीपेक्षा बारीक शीर, लांब स्टेंट आणि मधुमेह, तुमच्याकडे तिन्ही आहेत. स्टेंट पूर्ण उघडला होता का, हेही अँजिओची सीडी दाखवून विचारा. अर्धवट उघडलेला स्टेंट हे आखडण्याचं मोठं कारण.

पॅकेजचे पैसे शुगर आणि एलडीएलवर लावा. एचबीए१सी ७ च्या आसपास आणा, पण शुगर एकदम खाली न जाऊ देता. एलडीएल ५५ च्या खाली हवं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) पूर्ण मात्रेत असूनही ९२ असेल तर सोबत इझेटिमाइब १० मिग्रॅ या दुसऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा आनुवंशिक कण) ही तपासणी मात्र आयुष्यात एकदा करून ठेवा. जिना चढताना छाती भरू लागली तर लगेच दाखवा, तेव्हा रक्ताच्या रिपोर्टची वाट बघू नका.

तापीकाठ:
खालची दाढ खरंच सुजली आहे, चार दिवस झाले. दाढ काढायची तर रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करायच्या का?

सातपुडा:
नाही! पाच महिन्यांच्या स्टेंटला मनाने गोळी बंद केली तर आत गुठळी होऊ शकते, आणि ती आखडण्यापेक्षा कितीतरी घातक. दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात, गॉज दाबून, लागलं तर टाका घालून. डेंटिस्टला स्टेंटची तारीख आणि रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्यांची नावं आधी सांगा, आणि उद्याच दाखवा.