मदत हवी आहे: म्युस्काडे ही फ्रेंच पांढरी वाईन नुसतीच आंबट लागते. बाटली बिघडलीय की पिण्याची पद्धत चुकतेय?

गणपतीपेठ:
मुक्काम सांगली. लेबलावर म्युस्काडे सेव्र ए मेन, त्याखाली ‘स्युर ली’, साल २०२२, अल्कोहोल १२ टक्के, ७५० मिली, बुचाची बाटली. पुण्याहून दोन आणल्या, एक उघडून झाली. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वास जवळजवळ नाहीच, चव लिंबाच्या पाण्यासारखी. जीभ किंचित चुरचुरते, ग्लासच्या कडेला बारीक बुडबुडे. तळाशी साखरेसारखे खडे सापडले. सोबत भडंग आणि कंदी पेढे होते. पेढ्यानंतर तर घोट घेववेना. मस्कट द्राक्षाची गोडसर वाईन असेल असा समज होता. दुसरी बाटली शनिवारी चौघांत उघडायची आहे. तापमान, ग्लास, खाणं याबद्दल नेमकं सांगा. आरोग्याचे सल्ले नकोत.

बेदाणा:
बाटली ठणठणीत आहे. म्युस्काडेचा मस्कटशी संबंध नाही. द्राक्षाचं नाव ‘मेलों द बुर्गोन्य’, आणि त्याचा खरबुजाशीही संबंध नाही. लुआर नदी समुद्राला मिळायच्या थोडं आधी लागणाऱ्या नांत शहराच्या आसपासचं हे पीक. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या बागा गेल्या, त्यानंतर थंडी सोसणारी ही जात तिथे रुजली.

आंबटपणाचं म्हणाल तर तो मुद्दाम राखलेला असतो. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात तयार होतो, त्या उष्णतेत आम्ल झपाट्याने उतरतं. तिकडे तोडणी साधारण सप्टेंबरात, हवा गार होत असताना. आम्ल मण्यातच राहतं. साखर मात्र यीस्ट खाऊन टाकतं. १ टक्का अल्कोहोलला लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे तुमच्या १२ टक्क्यांत २०० ग्रॅम गेली. उरते ती जिभेला कळत नाही. तासगावच्या थॉमसन या गोड, खायच्या द्राक्षाची चव डोक्यात ठेवून प्यायलात तर ही वाईन नेहमीच नापास होणार.

‘स्युर ली’ म्हणजे गाळावर ठेवलेली. आंबवण झाल्यावर मेलेलं यीस्ट तळाला बसतं. त्या गाळावरच वाईन निदान एक हिवाळा काढते आणि तिथूनच थेट बाटलीत भरतात. त्या काळात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थोडा टिकतो, तीच तुमची चुरचुर. गाळामुळे ताज्या पावाच्या पिठासारखा हलका वासही येतो. पण तो फ्रिजच्या ४ अंशांवर येणार नाही.

खडे म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, वाईन गार झाली की बसतो. चिंचेतही हेच आम्ल. निरुपद्रवी आहेत. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, शेवटचा बोटभर भाग ओतू नका.

हरिपूरचं_पेव:
तापमान हेच मुख्य दुखणं. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो. त्या थंडीत वास मिटतो आणि आंबटपणा टोचतो. ही वाईन ८ ते १० अंशांवर प्या. फ्रिजमधून काढून १५ ते २० मिनिटं बाहेर ठेवा, एप्रिल-मेमध्ये १० मिनिटं पुरे. बाटली गार नसेल तर पातेल्यात निम्मं पाणी, निम्मा बर्फ, मूठभर खडेमीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. २० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका, बर्फाच्या खड्यांमधल्या हवेमुळे वेळ लागतो. ग्लासात बर्फ तर नकोच.

ग्लास तोंडाशी निमुळता असावा, एकतृतीयांशच भरा. आपल्या उकाड्यात भरलेला ग्लास संपेपर्यंत कोमट होतो. चौघांत माणशी १८० मिलीच्या आसपास येते, ती ६० मिलीच्या तीन फेऱ्यांत वाटा आणि मधल्या वेळात बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा. ग्लास साबणाचा वास जाईपर्यंत गरम पाण्याने विसळा. उदबत्ती नको. फोडणीच्या आधी, ओसरीवर किंवा गच्चीत पहिला घोट घ्या.

आधी ग्लास न हलवता हुंगा, मग दोन वेळा फिरवून परत हुंगा. लिंबाची साल, कच्चं सफरचंद, ओला दगड अशा वासांकडे लक्ष द्या. १० मिली तोंडात घ्या, ओठ जरा उघडून हवा आत ओढा, पाच-सहा सेकंदांनी गिळा. गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं का आणि खारटसर चव किती वेळ रेंगाळते ते बघा. या वाईनची मजा त्या शेवटात आहे, पहिल्या वासात नाही.

(जाता जाता: हळद जशी जमिनीखालच्या पेवात ठेवत, तशाच नांतकडच्या वाईनच्या बऱ्याच टाक्या जमिनीखाली असतात. कारण तेच, तापमान हलत नाही.)

अख्खा_मसूर:
खाण्याचा हिशोब सोपा आहे. मीठ आणि तेल-तूप आंबटपणा सौम्य करतात, गोड तो वाढवतं, तिखटाला अल्कोहोल आणखी पेटवतं. पेढ्याने म्हणूनच घात केला. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाईन पाणचट आणि आंबट लागणारच. पेढे शेवटी, पाण्याबरोबर.

भडंग चालेल, पण लाल तिखट निम्मं, शेंगदाणे आणि तळलेला लसूण जास्त, वरून कच्चा कांदा नाही. कच्च्या कांद्यापुढे हिचा वास टिकत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे रव्यातली मरळ: मीठ, हळद, जरासं आलं-लसूण, कुरकुरीत तळायची, वर लिंबू पिळायचं नाही. लिंबाचं काम वाईन करते. शाकाहारी असाल तर बटाटाभजी, कोथिंबीर वडी किंवा लोण्याचा गोळा घातलेलं थालीपीठ. अळूवडी नको, चिंच-गूळ दोन्ही आडवे येतात. माझ्या नावाचा पदार्थही नको, तांबड्या कटापुढे म्युस्काडे दिसेनाशी होते.

गणपतीपेठ:
खडे चाखले, अगदी चिंचच! दोन शंका. दुसरी बाटली खरोखर बिघडलेली असेल तर ओळखायची कशी? आणि पुढच्या वेळी याच भावात थोडं मवाळ काय घ्यावं?

हरिपूरचं_पेव:
बूच बाटलीच्या तोंडाबाहेर आलेलं, वेष्टनाखाली चिकट, रंग गडद सोनेरी आणि वास शिजलेल्या सफरचंदाचा असेल तर बाटलीला ऊन लागलंय. पुणे ते सांगली बंद डिकीत उन्हाळ्यात हे सहज होतं, थर्माकोलचा डबा वापरा. ओल्या गोणपाटाचा किंवा कुबट रद्दीचा वास आला तर दोष बुचाचा, त्यावर इलाज नाही. विझलेल्या काडीचा वास मात्र १० मिनिटं ग्लास फिरवला की बहुतेकदा जातो.

बेदाणा:
मवाळ हवी तर कोत द गास्कोन्य बघा, कोलोंबार आणि युनी ब्लां द्राक्षांची, जास्त फळदार. आंत्र-द्यू-मेर ही फ्रान्समधल्या बोर्दो भागातली, सोव्हिन्यों ब्लांच्या जोडीला सेमियों द्राक्ष असेल तर तोंडात भरदार लागते. पिक्पूल द पिने घेऊ नका, ती आंबटपणात म्युस्काडेचीच चुलतबहीण. व्हुव्रे घेणार असाल तर लेबल वाचा: ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ गोडसर, ‘म्वालो’ गोड. तिखट जेवणासोबत दमी-सेकच बरी.

भावाचं म्हणाल तर या वाईन स्वस्त, पण त्या फ्रान्समध्ये. आपल्याकडे आयातशुल्क वर्षानुवर्षं जबर राहिलंय, त्यावर राज्याचे कर. म्हणून तिकडची रोजच्या जेवणातली बाटली इकडे चैनीची होते. दुकानदार जुनं साल ‘मुरलेली’ म्हणून खपवतो, तिथे भुलू नका. या वर्गातली साधी पांढरी वाईन तोडणीनंतर तीन-चार वर्षांत संपवायची असते. उरलीच तर मोठ्या बाटलीत ठेवू नका. छोटी स्वच्छ काचेची बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट, फ्रिजमध्ये. तीन दिवस चालते.