ब्लॉक लागलाय! रूळ, पूल आणि दरडींचे तुमचे अनुभव

परवा ब्लॉक होता, म्हणजे रुळाच्या कामासाठी गाड्या थांबवल्या होत्या. रानात अडीच तास गाडी उभी होती, तेव्हा हा धागा सुचला. कोकण रेल्वेच्या कामावर जे राबले, ज्यांच्या परड्यामागे काम झालं किंवा जे नुसतेच खोळंबले, सगळ्यांनी लिहा. गणपतीची वेटिंग लिस्ट इथे नको. तो धागा कधी संपायचा नाही.

मोरीवाला
बाबा पावसाळी गस्तीला होते. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने गाडी घसरली. त्यानंतर बाबा रात्रपाळीला निघाले की आई जागीच. हातात कंदील, पिशवीत फटाके. लहानपणी आम्हाला ते दिवाळीचे वाटायचे. ते रुळाला बांधायचे. चाकाखाली फुटले की ड्रायव्हर ब्रेक मारतो. एकदा कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलाय तिथे, ओल्या मातीचा वास वेगळा आला म्हणून बाबांनी मालगाडी थांबवली. पडलं काहीच नाही. साहेबाची बोलणी खाऊन घरी आले आणि म्हणाले, "बोलणीच खाल्ली ना? जेवायला वाढ."

लूपलाईन
मी मशीनवर आहे, खडी ठोकून रूळ सारखा करायचं काम. तीन तासांचा ब्लॉक मिळाला तरी काम जेमतेम दोन तासांचं. मशीन स्टेशनातून जागेवर न्यायचं, वरच्या तारांची वीज बंद करून अर्थिंग लावायचं (तारा जमिनीला जोडायच्या, म्हणजे शॉक बसत नाही), शेवटी सगळं आवरून परत लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, यायचं. रोहा ते वीर 2021 मध्ये दुहेरी झालं. पुढे एकेरीच, म्हणजे आम्ही रुळावर असलो की दोन्हीकडच्या गाड्या आमच्या नावाने बोटं मोडणार.

कुडाळकर
गाडी लेट झाली की मी पण गाळी घालतंय. पण माझो काको रुळाची देखभाल करणाऱ्या गँगात होतो. मे महिन्यात रुळाक हात लावलो तर फोड येता.

पानवलची वाट
आमच्या आजोबांनी रत्नागिरीजवळचा पानवलचा रेल्वे पूल होताना पाहिला. 64 मीटर उंच, त्यामुळे खालून आधार देऊन बांधणं कठीण. एका टोकाला तुकडा ओतायचा आणि खांबांवरून पुढे ढकलायचा, मग मागे दुसरा. आजोबा गुरं सोडून बघत बसायचे. "आज किती सरकला?" एवढीच गावात चौकशी. आता तिथे वारा मोजायचं यंत्र आहे. वारा फार झाला की गाडी अलीकडेच थांबवतात.

खेर्डीकर
जुलै 2021, चिपळूणचा पूर. आम्ही रत्नागिरीत अडकलो, घरी फोन लागेना. वाशिष्ठी नदीवरचा रेल्वेचा पूल उभा होता, मग गाड्या का बंद, म्हणून मी तिथल्या माणसावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "खांबाच्या बुडाशी माती राहिली का, ते पाणी उतरल्यावरच कळणार." आजही त्या ओरडण्याची लाज वाटते.

मोरीवाला
पानवलची वाट, तो पूल गाडीतून दिसत का नाही हो? दरवेळी चुकतो.

पानवलची वाट
तुम्ही त्याच्यावरच असता. खाली या, चहा पाजतो.