झोटेरो ह्या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरात पीडीएफची नावं आपोआप लावायची आहेत, साचा कोणता ठेवावा?

सुरूबन
संशोधनाचा विषय रत्नागिरी-सिंधुदुर्गची मासेमारी आणि खारफुटी. सुमारे १४०० पीडीएफ आहेत: नियतकालिकांतले इंग्रजी लेख, सरकारी अहवाल, आणि जुन्या मराठी पुस्तकांची व गॅझेटियरांची स्कॅन. नावं 'डाउनलोड (३)' आणि 'स्कॅन००१२' अशी. विंडोज लॅपटॉप, झोटेरो ७. नावं आपोआप लागावीत, आणि झोटेरो न उघडताही फोल्डरमध्ये फाइल सापडावी. जिल्हावार फोल्डर करावेत का, तेही सांगा.

कातळसडा
जिल्हावार फोल्डर अजिबात नको. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. त्याआधीच्या कागदात 'रत्नागिरी' म्हणजे मालवणसकट, आणि सावंतवाडी संस्थान विलीन झाल्यानंतरच्या कागदात सावंतवाडीसकटही. १८८० चा गॅझेटियरचा दहावा खंड तर 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असाच आहे, तो कुठल्या फोल्डरात टाकणार? जिल्हा, तालुका, खाडी हे सगळं टॅगमध्ये घाला. एका नोंदीला दहा टॅग लागतात, फाइल मात्र एकाच फोल्डरात बसते.

आता साचा. सेटिंग्ज, जनरल, तिथे फाइल रीनेमिंगखाली 'कस्टमाइझ फाइलनेम फॉरमॅट'. मूळ साच्यात लेखक, वर्ष, शीर्षक असा क्रम असतो आणि शीर्षक १०० अक्षरांवर तोडलेलं असतं. तुमच्यासाठी वर्ष आधी घ्या. दुहेरी महिरपी कंसात 'इयर' आणि त्याला सफिक्स (मागे लागणारं चिन्ह) म्हणून अंडरस्कोर, दुसऱ्या कंसात 'ऑथर्स' आणि मॅक्स १ (म्हणजे एकच लेखक), त्यालाही तोच सफिक्स, तिसऱ्यात 'टायटल' आणि ट्रंकेट ४० (म्हणजे ४० अक्षरांवर तोड). (इथे देवनागरीत लिहिलंय, तिथे हे शब्द रोमनमध्येच टंकायचे.) मूळ साच्यातलं 'फर्स्टक्रिएटर' ठेवलंत तर दोन लेखक असले की दोघांची नावं येतात आणि नाव उगाच लांबतं.

सफिक्सची गंमत अशी की रकाना रिकामा असेल तर तो सफिक्सही उमटत नाही. म्हणून अंडरस्कोर कंसाबाहेर लिहू नका. नाहीतर वर्ष नसलेल्या फाइली अंडरस्कोरनेच सुरू होतील.

रापण
साचा ठीक आहे, पण खरी मेख नोंदीत आहे. झोटेरो फाइल वाचून नाव ठेवत नाही, ज्या नोंदीखाली फाइल टांगलेली आहे तिच्यातल्या माहितीवरून ठेवतं. लेखावर डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) असेल तर माहिती सहसा आपोआप येते. स्कॅनमध्ये मजकुराचा थरच नसतो, म्हणून ओळख पटत नाही आणि फाइल 'स्कॅन००१२'च राहते. तिथे उजवी टिचकी देऊन 'क्रिएट पेरेंट आयटम' करा आणि रकाने हाताने भरा. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) केलंत तर फाइलच्या आत शोधता येईल, पण जुन्या पुस्तकावर डीओआय नाही आणि आयएसबीएनही नाही, तेव्हा नावाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मराठी नोंदींत तीन ठिकाणी हमखास फसतं.

तारखेचा रकाना: आकडे इंग्रजी (1880 असे) टाका. '१८८०' देवनागरीत लिहिलंत तर झोटेरोला ते साल वाटतच नाही आणि नावातून वर्ष गायब. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन तारखेत, मूळ शके 'एक्स्ट्रा'त. (पौषानंतरचं असेल तर ७९, पण मुखपृष्ठावर महिना क्वचितच असतो.)

लेखक: 'वि. का. राजवाडे' असं सगळं एकाच रकान्यात कोंबू नका. आडनावाच्या जागी राजवाडे, नावाच्या जागी वि. का. आणि एकच लेखक कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये, कुठे 'व्ही'ने तर कुठे 'डब्ल्यू'ने असं नको. साचा आहे ते जसंच्या तसं उचलतो.

संस्था: मत्स्यव्यवसाय विभागासारखं नाव घालताना नावाशेजारचं बटण दाबून एकच रकाना करा. 'विभाग, महाराष्ट्र शासन' असं स्वल्पविरामाने दोन रकान्यांत फुटलं तर फाइलच्या नावात त्यातला एकच तुकडा येतो.

वार्षिक अहवालांचं शीर्षक दरवर्षी तेच असतं. '२०२२-२३' हे आर्थिक वर्ष शीर्षकाच्या सुरुवातीला लिहा. शेवटी लिहिलंत तर ४० अक्षरांच्या तोडीत नेमकं तेच जाईल.

सुरूबन
मराठी पुस्तकांच्या फाइलींची नावं देवनागरीत ठेवली तर चालतील ना? आणि आधीच्या १४०० चं काय?

कातळसडा
विंडोजवर चालतात. पण लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइट खातो. म्हणजे जेमतेम ८५ वर्ण, आणि 'मत्स्य' लिहायलाच सहा लागतात. मूळचं १०० चं ट्रंकेट तिथे धोक्याचं. शिवाय तोड मध्येच पडली तर शेवटी पाय मोडलेलं अक्षर लोंबकळतं.

दुसरं म्हणजे 'किनाऱ्यावरील'. हा 'ऱ्या' दोन पद्धतींनी टंकता येतो. एकात 'ऱ' हा वेगळा वर्ण असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधाला नाहीत. फाइल समोर असून 'सापडली नाही' म्हणतो तो हाच प्रकार. एकच कीबोर्ड ठरवा आणि त्याच्यावरच राहा.

जुन्या फाइलींसाठी प्रगत शोधात 'अटॅचमेंट फाइल टाइप' पीडीएफ द्या, निकालात टिचकी मारून कंट्रोल-ए, मग उजवी टिचकी आणि मूळ नोंदीवरून नाव बदलण्याचा पर्याय. शोधात कंट्रोल-ए जुळलेल्या फाइलीच निवडतं, वरच्या नोंदी नाही. आधी वीसेकांवर करून बघा, आणि सगळ्यांवर चालवण्याआधी झोटेरो बंद करून अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत काढा. सातव्या आवृत्तीत साचा बदलला म्हणून जुनी नावं आपसूक बदलत नाहीत, हे पाऊल दर वेळी हाताने. नोंदीखाली आधीच एक फाइल असेल तर नंतर जोडलेल्या दुसरीचं नावही आपोआप बदलत नाही.

यादीत फाइलऐवजी नुसतं 'पीडीएफ' दिसलं तर घाबरू नका. ते जोडणीचं शीर्षक. खरं नाव फाइलवर टिचकी मारल्यावर उजव्या पट्टीत दिसतं.

बांधणवाट
'झोटेरो न उघडता सापडावी' ह्याचं उत्तर राहिलं. झोटेरो प्रत्येक फाइल 'स्टोरेज'मध्ये आठ अक्षरांच्या विचित्र नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतं. ते फोल्डर हाताने हलवायचे नाहीत, हलवलेत की जोडणी तुटते. एका सरळ फोल्डरात हव्या असतील तर 'लिंक्ड फाइल' करा, म्हणजे फाइल तुमच्या फोल्डरात आणि झोटेरोत फक्त तिचा दुवा. सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी' आधी ठरवा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर ड्राइव्हचं अक्षर बदललं तरी दुवे टिकतील. आणि 'रीनेम लिंक्ड फाइल्स'वर खूण करा.

हलवाहलवीसाठी पूर्वीचं झॉटफाइल हे प्लगइन सातव्या आवृत्तीवर चालत नाही, झॉटमूव्ह घ्या. फायरफॉक्समधून उतरवताना दुव्यावर उजवी टिचकी देऊन जतन करा, नाहीतर फायरफॉक्स ते स्वतःचंच समजून बसवायला बघतं आणि चूक दाखवतं.

तोटाही ऐका. लिंक्ड फाइली झोटेरोच्या सिंकमधून जात नाहीत आणि गट-ग्रंथालयात चालतच नाहीत. पण फुकट जागा ३०० एमबी, तुमची स्कॅन त्यात मावणारही नाहीत, तेव्हा एरवीही काही सोय करावीच लागली असती. पीडीएफचं फोल्डर वनड्राइव्हवर ठेवायला हरकत नाही. झोटेरोचं डेटा फोल्डर मात्र तिथे कधीच नको. पावसात नेट येत-जात असताना अर्धवट सिंक झाली की डेटाबेस खराब व्हायला तेवढं पुरतं.

रापण
मार्गदर्शकांना पेनड्राइव्हवरच द्यायच्या असतील तर लिंक्डचा खटाटोप नको. फाइली निवडून झोटेरोतून थेट फोल्डरात ओढून टाका, लावलेल्या नावांनी प्रती पडतात.

सुरूबन
मग स्टोरेज आहे तसंच ठेवते. आज मराठी नोंदींच्या तारखांपासून सुरुवात, जवळपास सगळ्या देवनागरीत आहेत.