चंद्रावरच्या करारांचा गुंता कोणी सोडवून देईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भाचीला लॉ कॉलेजात चंद्रावर खाणकाम या विषयावर बोलायचंय आणि मामा म्हणून मी उगाच हो म्हणून बसलोय, आता वाचतोय तसा डोक्याचा पार भुगा झालाय.

१९६७ चा अवकाश करार सरळ आहे, चंद्रावर कुठल्याच देशाला मालकी सांगता येत नाही. मग १९७९ चा चंद्र करार आला, त्यात तिथली साधनसंपत्ती सगळ्या मानवजातीचा वारसा म्हटलंय, पण अमेरिका, रशिया, चीन कोणीच त्यात नाही. भारताने १९८२ ला सही केली पण पुढे मान्यता दिलीच नाही (आपली खास पद्धत!). आणि जून २०२३ मध्ये आपण आर्टेमिस करारावर (चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने ठरलेली तत्त्वं) पण सही केली, ज्यात म्हणतात की तिथलं बर्फ-माती काढून वापरली म्हणजे मालकी सांगितली असं होत नाही.

माझं घोडं इथेच अडलंय. जमीन कोणाची नाही पण खणून काढलेला माल माझा, हे कसं काय? मासेमारीचं उदाहरण देतात, समुद्र कोणाचा नाही पण पकडलेला मासा कोळ्याचा, पण मासे परत होतात, चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरचं बर्फ कुठे परत होणारे?

दुसरं, आर्टेमिसमधले ते सेफ्टी झोन, म्हणजे एखाद्याच्या कामात इतरांनी अडथळा आणू नये म्हणून त्या जागेभोवती आखलेला भाग. मोक्याच्या जागेभोवती झोन आखला की तो कब्जाच नाही का? आणि चीन-रशिया तर आर्टेमिसमध्ये नाहीत, त्यांनी तो झोन का मानावा?

कोणी आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेलं असेल तर सोप्या मराठीत सांगा प्लीज, शनिवारी तिचं भाषण आहे.