डेट्रॉइटच्या लायब्ररीतलं सॉलोमन सिबलीचं दप्तर: २०० वर्षांपूर्वीच्या वकिलाची कागदपत्रं वाचायची कशी?

निवृत्त_दिवाणी:

नमस्कार मंडळी. मी तालुका कोर्टात ३४ वर्षं दिवाणी बाजू केली, आता वकिली थांबवली आहे आणि सध्या मिशिगनला लेकीकडे आलोय. घरात बसून कंटाळतो म्हणून जावईबापूंनी एक दिवस डेट्रॉइटच्या मुख्य लायब्ररीत सोडलं. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पांढऱ्या संगमरवराची मोठी इमारत आहे, १९२१ ची. तिथे बर्टन हिस्टॉरिकल कलेक्शन नावाचा विभाग आहे, आणि त्यात सॉलोमन सिबली या वकिलाची कागदपत्रं आहेत.

हा माणूस १७६९ चा, मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. ओहायोतलं मॅरिएटा, मग सिनसिनाटी असं करत १७९७ मध्ये डेट्रॉइटला आला. ब्रिटिशांनी गाव सोडून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मिशिगन तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती, म्हणजे थेट केंद्र सरकारच्या हाताखालचा प्रदेश. आधी नॉर्थवेस्ट टेरिटरीचा, मग इंडियाना टेरिटरीचा भाग आणि १८०५ पासून स्वतंत्र मिशिगन टेरिटरी. इथे गव्हर्नर आणि तीन जज वरून नेमलेले, आणि तेच चौघं मिळून कायदे करायचे आणि त्यातले तिघं त्याच कायद्याखाली न्याय द्यायचे, हे १८२४ पर्यंत चाललं. मला हे वाचून धक्काच बसला. सिबली १७९९ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीच्या पहिल्या विधानसभेत होता, १८०६ मध्ये डेट्रॉइटचा मेयर, मग सरकारी वकील, मग वॉशिंग्टनला टेरिटरीचा प्रतिनिधी, आणि १८२४ पासून टेरिटरीच्या सुप्रीम कोर्टाचा जज.

आता माझी अडचण. कागद हातात घेतल्यावर ओळखीचा वास आला, पण वाचता येईना. एकाच दाव्याच्या दोन कागदांवर पक्षकारांची नावं उलटसुलट लिहिलेली. हिशेब पौंड-शिलिंगात, अमेरिका स्वतंत्र होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी. पत्रांना पाकीट नाही, सगळे कागद लांबट घड्या घातलेले. ग्रंथपाल बाई फार मदत करतात, पण त्यांना तरी किती विचारणार. दुसरं म्हणजे बहुतेक कागद उधारीच्या वसुलीचे, आमच्याकडच्या स्मॉल कॉज कोर्टातल्या छोट्या रकमांच्या दाव्यांसारखे. यात पुढे खणण्यासारखं आहे का, की जजसाहेबांची चार मोठी पत्रं वाचून थांबावं? इथे कोणी असलं काम केलं असेल तर कृपया सांगा.

नदीकाठचा:

काका, स्वागत आहे मिशिगनला! मी काही वर्षं जुन्या जमिनींच्या कागदांवर काम केलंय त्यामुळे थोडं सांगू शकतो.

नावं उलटी का? मधला शब्द नीट बघा. एका कागदावर व्हर्सेसचं व्ही असेल आणि दुसऱ्यावर ए-डी-एस अशी तीन अक्षरं असतील, बऱ्याचदा शेवटचं अक्षर वर चढवलेलं. ते लॅटिनमधलं अ‍ॅड सेक्टम, म्हणजे 'अमक्याच्या दाव्यावरून'. तिथे पहिलं नाव प्रतिवादीचं असतं आणि दुसरं वादीचं. प्रतिवादीचा वकील आपल्या अशिलाचं नाव पुढे ठेवून असं लिहायचा. त्यामुळे वकिलाच्या दप्तरात ही तीन अक्षरं दिसली की बहुधा समजायचं, सिबली या दाव्यात बचावाच्या बाजूला उभा आहे. पूर्ण कागद न वाचता बाजू कळते. मला हे कळायला एक महिना लागला होता आणि तोवर मी अर्ध्या दाव्यांत वादी-प्रतिवादीची अदलाबदल करून ठेवली होती, सगळ्या नोंदी परत कराव्या लागल्या.

पाकीट नाही कारण टपालखर्च कागदाच्या तावांवर आणि अंतरावर होता, पाकीट म्हणजे आणखी एक ताव. म्हणून पत्रच दुमडायचं, लाख लावायची आणि पाठीवर पत्ता. कोपऱ्यात जो आकडा दिसेल तो टपालाचा, आणि तो बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने भरायचा. कोर्टाचे कागद लांबट घडी घालून एका जुडग्यात बांधायचे आणि बाहेरच्या पट्टीवर पक्षकार, कागदाचा प्रकार, तारीख लिहायची. आधी ती पाठीवरची पट्टी वाचा, मग आत शिरा.

तारखांमध्ये इन्स्टंट लिहिलं असेल तर चालू महिना, अल्टिमो असेल तर मागचा महिना. यावर माझ्या ओळखीतले भलेभले घसरलेत.

पौंडाचं असं, की डेट्रॉइटचे व्यापारी न्यूयॉर्क चलनात हिशेब ठेवायचे, त्यात ८ शिलिंगचा एक डॉलर, म्हणजे पौंडाला अडीच डॉलर. पण डेट्रॉइट नदीपलीकडे कॅनडात हॅलिफॅक्स चलन, तिथे ५ शिलिंगचा डॉलर, म्हणजे पौंडाला ४ डॉलर. नदी अर्धा मैल रुंद आणि दोन्ही काठांवर तेच व्यापारी, त्यामुळे हिशेबाच्या डोक्यावर कोणतं चलन लिहिलंय ते आधी शोधा, नाहीतर कर्ज दीडपट होऊन बसेल.

वाटसरू_सेंटपॉल:

एक सावधगिरी फक्त. कॅटलॉगमध्ये नुसतं सिबली टाकू नका. मुलगा हेन्री हेस्टिंग्ज सिबली, डेट्रॉइटलाच १८११ मध्ये जन्मला, तो मिनेसोटाचा पहिला गव्हर्नर झाला आणि त्याची कागदपत्रं आमच्याकडे मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. शिवाय हेन्री हॉपकिन्स सिबली म्हणून अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमधला कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूचा, जनरल वेगळा, आणि मिसूरीतल्या फोर्ट ओसेजचा जॉर्ज सिबली आणखी वेगळा. मी एकदा दोन हेन्रींमध्ये पूर्ण दुपार घालवलीय.

कागदकन्या:

काका, तुम्ही विचारलंत खणण्यासारखं आहे का. मी अगदी मनापासून सांगते, उधारीचे आणि किरकोळ कागदच बघा, मोठी पत्रं नंतर.

कारण असं की जजसाहेबांचं मोठं काम छापून आलेलं आहे. मिशिगन टेरिटरीच्या सुप्रीम कोर्टाचं कामकाज विल्यम ब्लूम यांनी १९३५ ते १९४० मध्ये सहा खंडांत काढलं, टेरिटोरियल पेपर्स म्हणून टेरिटऱ्यांच्या सरकारी कागदांची छापील मालिका आहे, तिच्यात मिशिगनचे तीन खंड आहेत. १८२१ चा शिकागोचा करार, ज्यात टेरिटरीचा तेव्हाचा गव्हर्नर लुईस कॅस आणि सिबली हे दोघं अमेरिकेच्या बाजूने कमिशनर होते आणि ओडावा, ओजिब्वे, पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांकडून मिशिगनचा नैऋत्य भाग घेतला, तोही छापलेला आहे, आणि तिथे पोटावाटोमींचा मुखिया मेटीया जमीन द्यायला नको म्हणून जे बोलला तेही छापलेलं आहे. हे सगळं लेकीच्या घरी बसून वाचता येईल. पण जी माणसं कोर्टात एकदाच आली, ज्यांना लिहिता येत नव्हतं, ती शोधायला असल्या कोण्या वकिलाचं दप्तरच उघडावं लागतं.

एक नाव सांगते, एलिझाबेथ डेनिसन, लिझेट म्हणायचे तिला. आईवडील पीटर आणि हॅना, विल्यम टकर नावाच्या माणसाचे गुलाम. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सच्या, म्हणजे नॉर्थवेस्ट टेरिटरीच्या मूळ कायद्याच्या, सहाव्या कलमात गुलामी नाही म्हणून स्पष्ट लिहिलेलं, तरी डेट्रॉइटमध्ये गुलाम होते. १८०७ मध्ये पीटर आणि हॅनाने आपल्या मुलांसाठी कोर्टात अर्ज केला, वकील एलायजा ब्रश, ज्याच्या शेतावरून डेट्रॉइटच्या ब्रश स्ट्रीटला नाव पडलं तोच. जज ऑगस्टस वुडवर्डने निकाल दिला की जे'ज ट्रीटीत, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या करारात, ब्रिटिश रहिवाशांच्या मालमत्तेला संरक्षण दिलंय आणि गुलाम हीसुद्धा मालमत्ता. म्हणून ११ जुलै १७९६ ला, म्हणजे डेट्रॉइट अमेरिकेच्या ताब्यात आलं त्या दिवशी, ब्रिटिश रहिवाशांकडे जे गुलाम होते, त्यातले ३१ मे १७९३ च्या आधी जन्मलेले जन्मभर गुलाम, आणि त्यानंतर जन्मलेले २५ वर्षांचे होईपर्यंत. लिझेट पहिल्या गटात पडली. तारखेवर आयुष्य ठरलं हो.

पण थोड्याच दिवसांनी त्याच वुडवर्डने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की कॅनडातून पळून आलेल्या गुलामांना परत पाठवायला हे कोर्ट बांधील नाही. ही माणसं कायदा ऐकून होती. लिझेट आणि तिचा भाऊ नदी ओलांडून पलीकडे कॅनडात गेले, राहिले, आणि पुढे मोकळी माणसं म्हणून डेट्रॉइटला परत आले.

परत आल्यावर तिने नोकरी धरली ती याच सॉलोमन सिबलीच्या घरी. १८२५ मध्ये तिने पॉन्टियॅकला साडेअठ्ठेचाळीस एकर जमीन विकत घेतली, स्टीफन मॅक याच्याकडून. लिहिता येत नव्हतं म्हणून ती सहीच्या जागी फुली काढायची. १८६६ मध्ये गेली, आणि मृत्युपत्रात चर्चसाठी पैसे ठेवले, कारण तिने म्हटलं होतं की गरीब आणि श्रीमंत एकत्र बसतील अशी देवाची जागा हवी. त्यातून ग्रोस इल बेटावरचं सेंट जेम्स चॅपल उभं राहिलं, ते अजून आहे, तुम्हाला गाडीने तासाभरात जाता येईल.

म्हणून म्हणते, पावत्या, भाडेपट्टे, फुलीच्या सह्या असलेले कागद यांच्यावरून पटकन पुढे जाऊ नका.

निवृत्त_दिवाणी:

कागदकन्या ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि लेकीलाही वाचून दाखवलं.

फुलीवरून आठवलं. आमच्या कोर्टात म्हाताऱ्या बायका यायच्या, वाटपाच्या दाव्यात हक्कसोडपत्र करून द्यायला. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवताना हात थरथरायचा, मी मनगट धरायचो, आणि शेजारी लिहायचो, निशाणी डावा अंगठा, अमकी तमकी हिची, दस्तुर माझा. तो 'दस्तुर' शब्द, म्हणजे हस्ताक्षर, मी हजारदा लिहिला असेन. परवा एका कागदावर फुली बघितली, तिच्या एका बाजूला एक शब्द, दुसऱ्या बाजूला एक, वर एक, खाली एक, आणि मला चारही शब्दांचा मेळ लागेना म्हणून मी कागद बाजूला ठेवला होता. आता उलगडलं. डाव्या उजव्या बाजूला नाव आणि आडनाव, वर 'हिची' किंवा 'त्याची', खाली 'निशाणी', आणि मधे त्या माणसाने स्वतः ओढलेल्या दोन रेघा. बाकी सगळं अक्षर लिहून देणाऱ्याचं, तेवढ्या दोन रेघा त्या माणसाच्या. एक रेघ वाकडी गेलीय आणि शाई जास्त झालीय. पेन धरायची सवय नसलेला हात आहे तो, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

नदीकाठचा, ए-डी-एसचं तुम्ही सांगितलंत ते तंतोतंत निघालं. पण आता जमिनीचं विचारतो. गावातल्या प्लॉटचे वाद इतके का दिसतात?

नदीकाठचा:

काका, ११ जून १८०५ ला अख्खं डेट्रॉइट जळलं. टेरिटरी कागदावर ३० जूनला सुरू व्हायची होती, नवे जज आणि गव्हर्नर हल आले तेव्हा लोक तंबूत होते. १८०६ मध्ये काँग्रेसने कायदा केला की आगीच्या वेळी गावात ज्यांचं घर होतं किंवा जे तिथे राहत होते अशा १७ वर्षांवरच्या प्रत्येकाला ५००० चौरस फुटांपर्यंत प्लॉट द्यायचा. नवीन आखणी वुडवर्डची, चौक आणि तिरपे रस्ते, जुन्या हद्दी सगळ्या पुसल्या गेल्या. गावाबाहेर फ्रेंचांची शेतं होती, नदीवर तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब पट्टी, रुंदी आर्पां या जुन्या फ्रेंच मापात मोजलेली. बऱ्याच जणांकडे कागद नाही, आजोबांपासून वहिवाट हाच पुरावा. मग जबान्या, शेजाऱ्यांच्या साक्षी, सगळं आलंच. त्या दाव्यांना दिलेले प्रायव्हेट क्लेमचे नंबर डेट्रॉइटच्या खरेदीखतांत अजून येतात.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट, हा संग्रह जमवणारा क्लॅरन्स बर्टन वकील होता आणि त्याचा धंदाच टायटल सर्चचा होता. जुन्या जमिनीचा मालक कोण हे शोधता शोधता जुने कागद गोळा करत गेला आणि १९१४ मध्ये सगळं लायब्ररीला देऊन टाकलं.

मोडीवाला:

मी पुण्यात मोडी वाचतो, इंग्रजी दप्तराचा अनुभव कमी आहे पण दोन गोष्टी सगळीकडे सारख्याच. त्या काळची शाई लोखंड आणि माजूफळाची असते, आधी काळी मग तपकिरी होते आणि जाड फराट्याच्या जागी कागद खाते, त्यामुळे घडीवर शाई असेल तर कागद स्वतः सरळ करू नका, तिथल्या माणसाला करू द्या. आणि उतरवून घेताना स्पेलिंग सुधारू नका. फ्रेंच नावं इंग्रज कारकून कानाला ऐकू येईल तशी लिहिणार, एकच माणूस चार प्रकारे येईल. आहे तसं लिहा आणि तुमचा अंदाज चौकटी कंसात, तारखेसह. माझ्या जुन्या वह्यांमध्ये मूळ कोणतं आणि माझं कोणतं हे मलाच आता ओळखता येत नाही, ती चूक तुम्ही करू नका.

निवृत्त_दिवाणी:

सगळ्यांचे आभार. वही आणली आहे, डावीकडे मूळ, उजवीकडे माझं.

एक गोष्ट वाचली ती सांगतो, सिबलीला उतारवयात ऐकू येईना म्हणून त्याने जजपद सोडलं. माझाही डावा कान गेलाय, उलटतपासणीत साक्षीदार काय म्हणतोय ते कळेना तेव्हाच मी थांबलो. त्यामुळे हा माणूस मला जवळचा वाटायला लागलाय. त्याच्या विधवेसाठी १८४८ मध्ये बांधलेलं लाकडी घर ईस्ट जेफरसनवर अजून उभं आहे असं कळलं, ते रविवारी बघणार आणि जमलं तर तिथूनच ग्रोस इलला जाणार.

मंगळवारी लायब्ररी उघडली की १८२५ चे कागद मागवतोय. पॉन्टियॅकचं नाव असलेला प्रत्येक कागद, आणि प्रत्येक फुली. काही मिळालं तर इथेच लिहीन.